पहिली ओटी

मे महिना सरत आला की सोनखेडीतली निम्मी माणसं अभिजीत जगतापच्या ओसरीवर येऊन बसत. प्रत्येकाच्या हातात एक पुरचुंडी आणि पुरचुंडीत मूठ-दोन मुठी सोयाबीन. अभिजीत ओलं बारदान अंथरी, त्यावर दाणे ओळीनं मांडी, गुंडाळी करून रांजणाच्या बाजूला सावलीत ठेवून देई. चार-पाच दिवसांनी गुंडाळी उकलायची आणि बघायचं, किती दाण्यांना मोड आले आणि किती कुजले. भैरवगढच्या पुढं, क्षिप्रेच्या काठानं असलेल्या चार खेड्यांत त्याचा शब्द चाले. तो "पेरा" म्हणाला की पेरायचं आणि "ठेवू नका" म्हणाला की ते पोतं सरळ तेलाच्या घाण्याला जायचं.

"बी बघितल्याशिवाय पेरणं म्हणजे अंधारात बैल विकत घेणं," असं तो म्हणे. हे वाक्य तो दर साली म्हणे आणि माणसंही दर साली पहिल्यांदा ऐकल्यासारखी माना हलवत.

त्या साली गर्दी जास्त होती. मागच्या हंगामात सोयाबीन कापून शेतात पडलं असताना पाऊस झोडपून गेला होता. दाणा फुगला आणि पुढच्या उन्हात परत आकसला. वरून पिवळाधमक, आत जीव आहे की नाही ते देव जाणे. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता.

बारदानं भिजवायचं काम मुक्ताचं, म्हणजे अभिजीतच्या बायकोचं. दिवसातून तीनदा पाणी शिंपडायचं, जास्त झालं तर दाणा कुजतो, कमी झालं तर मोड सुकतो. तिचा हात त्या कामाला बसला होता. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. बडनगरच्या माहेरी वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांचं करता करता तिची बत्तीस वर्षं उलटली होती, आणि मग हे स्थळ आलं. आता ती अडतीस वर्षांची होती. घरात तीन माणसं, दोन म्हशी, नऊ बिघे जमीन. चौथ्या माणसाची वाट बघता बघता सहा वर्षं कुठं गेली ते कळलं नव्हतं.

वाट नुसती बघितली नव्हती. क्षिप्रेकाठच्या सिद्धवटाला दूध घातलं होतं, कुणी सांगितलेल्या काढ्यांनी तोंड कडू करून घेतलं होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ती एकदा टावर चौकाजवळच्या डॉक्टरीणबाईंकडेही जाऊन आली होती. त्यांनी तिच्या तपासण्या केल्या आणि म्हणाल्या, "आपका तो ठीक है। अब पति को लाइए।"

ते ऐकून अभिजीत हसला होता. "मला कशाला? मी आईला चाळिशी उलटल्यावर झालो. आमच्या घराण्यात फळ उशिराच लागतं. तू फालतू टेंशन घेऊ नको."

त्यानंतर ते वाक्य घरातलंच एक भांडं झालं. अभिजीत म्हणे, शेजारीपाजारी म्हणत, रात्री डोळा लागत नसला की मुक्ता स्वतःलाच म्हणे. सासूबाई तेवढ्या म्हणत नसत. अहल्याबाईंचं वय ऐंशीच्या वर, त्या फक्त "देव बघतोय" म्हणायच्या आणि उठून जायच्या.

पेरणीच्या आधीच्या त्या दिवसांत पलीकडच्या गल्लीत एक बारसं होतं. सकाळपासून पोती खाली-वर करून मुक्ताची कंबर भरून आली होती, तरी ती न्हाऊन, जांभळं पातळ नेसून गेली. पाळण्याच्या दोन्ही अंगांना बायका उभ्या राहिल्या. बाळाला पाळण्याखालून एकीनं द्यायचं, दुसरीनं घ्यायचं, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. मुक्ता पाळण्याला लागूनच उभी होती. तिनं हात पुढं केले.

प्रतिभावहिनींनी बाळ उचललं होतं. गावातल्या सगळ्या कार्यांत पुढं असणारी बाई, मनानं वाईट नव्हे. त्यांनी मुक्ताचे हात बघितले आणि बाळ तिच्या हातांवरून पलीकडच्या बाईकडं दिलं.

"तू राहू दे गं मुक्ता," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "सकाळपासून बोऱ्या उचलतेयस, कंबर दुखत असेल. त्या घुगऱ्या वाटायला घे ना जरा. आणि होईल गं, तुमच्याकडे फळ उशिराच लागतं."

मुक्तानं हात मागं घेतले आणि घुगऱ्यांचं पातेलं उचललं. पातेलं बाळापेक्षा जड होतं, तेव्हा कंबरेची काळजी कुणाला होती ते तिला कळलं. कोपऱ्यात प्रतिभावहिनींची सून तेजस्विनी द्रोण मांडत बसली होती. शहरात बँकेत नोकरी करायची, लग्नाला तीन वर्षं झालेली, वय चौतिसाच्या आसपास.

"वहिनी, मला तर पाळण्याजवळ बोलावलंसुद्धा नाही," ती हळूच म्हणाली. "आई म्हणतात, जगतापांकडं बघ आणि धीर धर."

मुक्तानं घुगऱ्या वाटल्या, कुणाला कमी-जास्त होऊ दिल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासू-सुना ओसरीवर बी निवडत बसल्या होत्या. बाहेर ऊन रणरणत होतं, म्हशी गोठ्यात धापा टाकत होत्या. सुपात मूठभर सोयाबीन घ्यायचं, फुटकं, डागाळलेलं, सुरकुतलेलं बाजूला काढायचं आणि धड ते टोपलीत टाकायचं. अहल्याबाईंची नजर अधू झाली होती, पण बोटांना सगळं कळे. मुक्ता मधेच उठली, आत जाऊन आली, पाठीला हात लावून परत बसली.

"परत आली का गं?" अहल्याबाईंनी विचारलं.

"हो."

"आत्ता तर येऊन गेली होती."

"वीस-बावीस दिवस झाले असतील. त्याच्या आधी दीड महिना आलीच नव्हती. मला वाटलं..." मुक्ता थांबली. काय वाटलं ते सांगायची गरज नव्हती.

"आधीपासून अशीच मागंपुढं?"

"नाही आई. आधी बिलकुल वेळेवर असायची. या वर्षीच चाललंय हे."

अहल्याबाईंची बोटं सुपात थांबली. बराच वेळ थांबली. मुक्ताला वाटलं, म्हातारीला डुलकी लागली. तिनं वर बघितलं तर अहल्याबाई तिच्याकडेच बघत होत्या.

"माझं असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. "आधी जवळजवळ, मग लांबलांब. चाळिशीला तर बंदच. माझ्या आईचंही लवकरच गेलं होतं. कुणाकुणाचं असतं तसं."

"हो का," मुक्ता म्हणाली आणि आणखी दोन-तीन फुटके दाणे तिनं बाजूला काढले. मग तिचाही हात थांबला. "पण आई, यांचा जन्म तर त्याच्यानंतर..."

"तेच सांगतेय. अभिजीत माझ्या पोटचा नाही. विजयाचा आहे."

विजया म्हणजे विजयाकाकू, अहल्याबाईंची धाकटी जाऊ. शहरात, फ्रीगंजात मुलाकडे राहायच्या. अभिजीतच्या वाढदिवसाला न चुकता डब्यातून बेसनाचे लाडू पाठवायच्या, आणि स्वतः मात्र वर्षानुवर्षं सोनखेडीत पाऊल टाकत नसत. मुक्ताला नेहमी वाटायचं, या दोघी जावांचं काहीतरी बिनसलेलं आहे. तसं ती आता बोलूनही गेली.

"बिनसेल कशाला," अहल्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज सूप पाखडताना असतो तसाच होता, ना वर ना खाली. "तिला दोन होती, तिसरं राहिलं. मला वीस वर्षांत काही नाही. एक दिवस चुलीपाशी मला म्हणाली, जाऊबाई, हे तुमचं. नुसतं एवढंच. मग मी तिच्याबरोबर तिच्या माहेरी देवासला गेले. लोकांना सांगितलं, दोघींनाही दिवस आहेत. तिला झाला, चार महिने तिनं पाजला, आणि मी याला घेऊन गावी आले. तिचं गेलं म्हणून सांगितलं. भावजींनी रेल्वेत बदली मागून घेतली, दूर नागद्याला. का ठाऊक आहे? तिचा आवाज ऐकला की हा माझ्याकडे राहत नव्हता."

"आणि गावाला खरं वाटलं?"

"गाव काय दूधखुळं आहे? पण त्या वेळची माणसं झाकत होती. ती माणसं गेली, आणि नव्यांना तेच खरं झालं. अहल्याबाईला चाळिशीनंतर मूल झालं." त्यांनी सूप खाली ठेवलं. "सहा वर्षं तू माझ्या खोट्यावर बसून काढलीस मुक्ता. मी बघत होते. जिभेवर यायचं आणि वाटायचं, पोरगा मला काय म्हणेल. मरेपर्यंत आई म्हणवून घ्यायचं होतं, दुसरं काय. पण काल तू बारशाहून आलीस तेव्हा तुझं तोंड बघितलं, आणि आज हे ऐकलं. माझं बंद व्हायला लागलं तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं गं, की वेळ चाललीय."

मुक्ताला राग आला. खराखुरा राग आला. ती उठली, गोठ्यात गेली, म्हशींसमोरच्या भरल्या हौदात उगाच आणखी दोन बादल्या पाणी ओतलं. सहा वर्षं. कडू काढे, सिद्धवटाचं दूध, पाळण्यावरून गेलेलं बाळ. ती परत आली तेव्हा अहल्याबाई तशाच बसल्या होत्या, पाय पसरून. टाचांच्या भेगांत सोयाबीनची धूळ भरली होती. या बाईनं चाळीस वर्षं जे काळजाशी धरून ठेवलं होतं ते आज तिनं सुनेच्या पुढ्यात ठेवलं होतं, तेही कुणी मागितलं नसताना. स्वतःच्या आईनंसुद्धा एवढं केलं असतं की नाही, मुक्ताला सांगता आलं नसतं.

ती खाली बसली, सूप ओढलं.

"सांगितलंत हे बरं केलंत आई," ती म्हणाली. "फार बरं केलंत."

"त्याला तू सांग," अहल्याबाई म्हणाल्या. "माझी जीभ नाही उचलायची."

संध्याकाळी अभिजीत शेताच्या कडेला सीड ड्रिलच्या नळ्या साफ करत होता. एका नळीत गांधीलमाशीनं मातीचं घर केलं होतं, ते तारेनं उकरून काढायचं चाललं होतं. गालात तंबाखू होती. मुक्ता बांधावर बसली आणि सरळ सांगून टाकलं. आडवळणं घेतली असती तर सांगताच आलं नसतं.

अभिजीत तार नळीत घालत राहिला.

"मालूम आहे," तो म्हणाला.

"काय मालूम आहे?"

"काकूचं. पाचवीत होतो मी. गिरधारीच्या पोराशी भांडण झालं, त्यानं सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं. मी त्याचा दात पाडला आणि घरी येऊन आईला म्हटलं, पडलो."

मुक्ताला वाटलं होतं तो रडेल, नाहीतर चिडेल. हे तिनं धरलंच नव्हतं.

"मग मला सहा वर्षं काय सांगत होता? आईला चाळिशीनंतर झालो म्हणून?"

"आईचं नाक जाईल म्हणून."

"आईचं की तुमचं?"

अभिजीतनं तंबाखू थुंकली. मातीचा तो गोळा नळीतून सुटून खाली पडला, त्याच्याकडं तो बघत बसला. पश्चिमेकडं भैरवगढच्या अंगाला आभाळ तांबूस झालं होतं. कुठंतरी ट्रॅक्टरवर भजन चाललं होतं.

"माझं पण," तो शेवटी म्हणाला. "माझ्यातच काही निघालं तर? गाव मला बी दाखवायला येतं. मग तोंड कसं दाखवू?"

"परवा पटेलांच्या बियात निम्मेसुद्धा उगवले नव्हते. त्यांना काय सांगितलंत?"

"घरचं सोडा म्हटलं, दुसरं बी घ्या."

"आणि रामकन्याबाईंच्यात शंभरातले साठ उगवले होते, त्यांना?"

"फेकू नका. एकरी जास्त टाका, आणि यंदाच पेरा, पुढच्या सालाला धरणार नाही." एवढं बोलून त्यानं तार खाली ठेवली. त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं.

"मग तेवढंच आपलंही बघायचंय," मुक्ता म्हणाली. "लाज बियाची नसते हो. न बघता पेरत राहतो त्याची असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं न सांगता धुतलेला शर्ट घातला आणि मोटारसायकल काढली.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना टावर चौकाच्या मागच्या गल्लीत, खाली पोह्या-जलेबीचं दुकान. अभिजीतला एक छोटी डबी देऊन न्हाणीघराकडं बोट दाखवलं गेलं. न्हाणीघराची कडी नीट लागत नव्हती. आत गेल्यावर दोनदा बाहेरून कुणीतरी दार ठोठावलं. ज्या माणसासमोर चार गावं पुरचुंड्या घेऊन बसत, तो माणूस एका हातानं दार धरून उभा होता. बाहेर आला तेव्हा कपाळावर घाम होता, आणि समोरच्या बाकावर नेमके बियाचे पटेल बसलेले, सुनेच्या औषधांसाठी आलेले.

"अरे अभिजीत भैया, आप यहाँ?"

अभिजीतनं डबी मुठीत झाकली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, मूठ सैल केली. "हाँ पटेल साब. बी की जाँच कराने आया हूँ. अपनी."

पटेल घटकाभर बघत राहिले आणि बाकावर सरकून त्याला जागा करून दिली. मुक्ताला त्या क्षणी नवऱ्याचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा लग्नात त्याला घोड्यावर बघतानाही वाटला नव्हता.

दोघांच्याही तपासण्या होऊन निकाल आल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवलं. बाई कामाच्या होत्या, गोडबोल्या नव्हत्या.

"देखिए, औरत के अंडे जन्म से ही साथ आते हैं, नए नहीं बनते. हर साल कम होते हैं, पैंतीस के बाद और तेज़ी से, और जो बचते हैं उनमें अच्छे भी कम. आपकी उम्र के हिसाब से भी कम बचे हैं. मर्द का नया बनता रहता है, पर उम्र उसकी भी होती है." त्यांनी अभिजीतकडं बघितलं. "गिनती कम है, चाल सुस्त है. तंबाकू आज से बंद. छह साल पहले आते तो आसान होता. अब मुश्किल है, नामुमकिन नहीं."

छह साल. मुक्तानं खाली बघितलं. अभिजीतचा हात टेबलाखालून तिच्या हातावर आला. सगळ्यांदेखत हात धरायची त्याची रीत नव्हती.

बाहेर आल्यावर त्यानं खिशातली पुडी काढली, गटारात टाकली आणि म्हणाला, "पोहे खाऊ चल."

त्या साली सोनखेडीत पेरणी झाली, उगवण बरी झाली. तंबाखू सोडलेला अभिजीत तीन महिने सगळ्यांवर खेकसत हिंडला, बडीशेप चघळून चघळून त्याचे दात हिरवे झाले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना इंदूरला, टेस्ट-ट्यूब बाळाच्या दवाखान्यात धाडलं. सोयाबीनच्या कापणीत मुक्ता सकाळी पोटात सुई टोचून घ्यायची आणि घरची कामं उरकायची. शेतात तिला विळा धरू द्यायचा नाही, असं अहल्याबाईंनी मजुरांना बजावलं होतं. पोटावर निळे डाग पडले. पहिल्या खेपेला धरलं नाही. गहू पेरायच्या दिवसांत एका सकाळी तिला कळलं, आणि ती चुलीपुढं नुसती बसून राहिली. अहल्याबाईंनी पाणी तापवलं, बादली न्हाणीत नेऊन ठेवली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. देव बघतोय, असंसुद्धा म्हणाल्या नाहीत. त्याबद्दल मुक्ता त्यांची जन्मभर ऋणी राहणार होती.

दुसऱ्या खेपेला, माघात, धरण्याजोगं एकच बीज निघालं. "एक ही है," इंदूरच्या डॉक्टरनं सांगितलं. अभिजीत म्हणाला, "एक बहुत है साब." आणि ते धरलं. पहिले तीन महिने मुक्तानं कुणाला सांगितलं नाही. रोज सकाळी उठलं की आधी घाबरायचं आणि मग देवाला हात जोडायचे. सोयाबीन पुन्हा पेरून झालं, गुडघ्याला लागलं, जांभळी फुलं धरली. तिचं पोटही पदराआड राहीनासं झालं.

श्रावणात डोहाळजेवण ठरलं. ओसरी सारवली, गोंड्याच्या माळा लावल्या. मुक्ता हिरव्या पातळात पाटावर बसली, पाय सुजलेले, दंडाला मोगऱ्याचे बाजूबंद. विजयाकाकूंना आणायला अहल्याबाईंनी स्वतः निरोप धाडला होता. शहरात श्रावणातली गर्दी, रस्ते अडवलेले, ऑटोवाल्यानं लांबून वळसा घालून आणलं. काकू दारात उतरल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या. क्षणभर उंबऱ्याशीच थांबल्या, परक्याच्या घरात शिरताना थांबतात तशा. मग सवयीनं भिंतीकडची जागा धरून बसल्या.

प्रतिभावहिनी अर्थातच पुढं होत्या. "मी म्हणत नव्हते?" त्या सगळ्यांना सांगत होत्या. "जगतापांकडे फळ उशिराच लागतं. अहल्याबाईंना चाळिशीनंतर, आणि हिला चाळिशीला. आता तर पक्कं झालं. तेजू, बघितलंस ना? तू उगाच डॉक्टरचं घेऊन बसलीस. निवांत राहा, अजून पाच वर्षं आहेत."

बायका हसल्या. तेजस्विनीही कसंनुसं हसली. मुक्तानं तिच्याकडं बघितलं आणि तिला स्वतःचे ते पाळण्याजवळचे रिकामे हात आठवले. बोलावं का? पण गुपित तिचं नव्हतं. तिनं सासूकडं पाहिलं. अहल्याबाई ओटीचं ताट लावत होत्या, गहू, नारळ, भैरवगढच्या छाप्याचा लाल खण. त्यांची बोटं गव्हात थांबली होती. आज त्यांना कुणी काही विचारणार नव्हतं. आज ते खोटं कधी नव्हे इतकं खरं दिसत होतं, आणि ते तसंच राहू दिलं असतं तर म्हातारीचं नाक मरेपर्यंत शाबूत राहिलं असतं.

अहल्याबाई ताट घेऊन उठल्या. पाटाकडं न येता भिंतीकडं गेल्या.

"पहिली ओटी विजयाची," त्या म्हणाल्या.

काकू गडबडल्या. "जाऊबाई, अहो काय करताय? आपल्या दोघींची कपाळं कोरडी. कुणी बघेल तर काय म्हणेल."

"बघू देत. ओटी काही कपाळात भरत नाहीत." मग त्या वळल्या. आवाज तोच, सूप पाखडतानाचा. "प्रतिभा, ऐक. चाळिशीला माझी पाळी गेलेली होती. अभिजीतला हिनं जन्म दिलाय. मला पोटचं झालंच नाही. उशिरा फळ लागतं हे खोटं आहे, माझं खोटं. उशीर झाला की कमी कमीच होत जातं. मुक्ताचं जमलं ते तिच्या हिमतीनं आणि डॉक्टरांमुळं, तेही सुटता सुटता. तेजूला उद्याच घेऊन जा, आणि तुझ्या पोरालाही ने."

प्रतिभावहिनींचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. दारात अभिजीत पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन उभा होता. कधीपासून उभा होता कुणास ठाऊक. त्यानं कॅन खाली ठेवला, बायकांतून वाट काढत आला आणि आधी अहल्याबाईंच्या, मग काकूंच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आई, मला पाचवीपासून मालूम आहे," तो अहल्याबाईंना म्हणाला.

अहल्याबाईंचा तोल गेल्यासारखा झाला, काकूंनी त्यांचा दंड धरला. "मेल्या, मग बोलला नाहीस ते," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मग काकूंना म्हणाल्या, "विजया, चाळीस वर्षं झाली. तुझे उपकार तोंडानं कधी म्हटले नाहीत. म्हटले असते तर कबूल झालं असतं ना."

"उपकार कसले," काकू म्हणाल्या. त्यांचा हात अजून अभिजीतच्या डोक्यावर होता, केसांत. तो काढायचा त्यांना धीर होत नव्हता. "रात्री हा रडायचा तेव्हा उठायचं कोण? तुम्हीच ना? आणि तू रे, काकूच म्हण मला. तेच कानाला गोड लागतं."

त्यांनी पदर पसरला. अहल्याबाईंनी खण घातला, नारळ घातला, ओंजळी भरभरून गहू घातले. काकूंनी पदराचं ओझं सावरलं, आणि मग रीतच होती म्हणून ओटीतले चार दाणे चिमटीत घेऊन परत पुढं केले. अहल्याबाईंच्या पदरात कुणी काही घालून पंचवीस वर्षं होऊन गेली होती. त्या थोड्या घुटमळल्या, मग त्यांनीही पदर पसरला.

पाटावर मुक्ताला रडू येत होतं आणि पोटात बाळ लाथा मारत होतं, दोन्ही एकदमच. मागून तेजस्विनी तिच्या कानाशी वाकली. "वहिनी, त्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना नक्की कुठं?"

"टावर चौकामागं, पोह्यांच्या दुकानाच्या वर," मुक्ता म्हणाली. "मी येते तुझ्याबरोबर."

अहल्याबाई सुनेसमोर येऊन बसल्या. ताटातल्या गव्हाला त्यांनी हात लावला नाही. आपल्या पदरातले काकूंनी दिलेले ते चार दाणे त्यांनी आधी मुक्ताच्या ओटीत टाकले, आणि मग बाकीचे गहू घेतले.